घरच्यांच्या नावानं

साडीच्या दुकानात पुरुष एकटा शिरला की त्याला गादीवर बसवतात आणि आधी विचारतात, कोणासाठी पाहिजे? बायकोसाठी, आईसाठी, की नुसती आहेरात द्यायची? उत्तर ऐकून कुठल्या फडताळाला हात घालायचा ते ठरतं, चहा सांगायचा की पाण्यावर भागवायचं तेही ठरतं. हिंगोलीतल्या त्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते एका शब्दाचं होतं. माझ्यासाठी. पण शेजारी लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं अख्खं खटलं बसलेलं, त्यातल्या दोघी जणी माझ्याकडे बघून ओळखीचं हसायला लागलेल्या. माझी जीभ वळली नाही. मी म्हणालो, "घरच्यांसाठी."

आमच्याकडे चारचौघांत बायकोचं नाव घेत नाहीत. घरच्या म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं आणि तो पुढे काही विचारत नाही. फार सोयीचा शब्द आहे. पुढची काही वर्षं मी तो छत्रीसारखा डोक्यावर धरला आणि भिजली ती बायको.

माझा पोटाचा धंदा अभिनयाचा. रिटर्नमध्ये मी कलाकार असतो, स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर. प्रत्यक्षात मी एक सासू आहे. जाडजूड, तोंडाळ, सुनेच्या प्रत्येक कामात खोट काढणारी आणि शेवटी सुनेच्याच गळ्यात पडून रडणारी सासू. महिला मेळावे, पुढाऱ्यांचे हळदीकुंकू, गणपती मंडळं, एखाद्या सोनाराच्या दुकानाचं उद्घाटन, जिथून बोलावणं येईल तिथं मी तिला घेऊन जातो. मध्यंतरी टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमातही ती थोडे दिवस नांदून आली. तेव्हापासून पार वाशीम-परभणीपर्यंत बायका मला रस्त्यात "ओ सासूबाई" म्हणून हाक मारतात आणि मी वळून बघतो. चिडायचं कारण नाही, तिच्याच जिवावर आमची चूल पेटते.

सासू म्हटली की साड्या आल्या. पूर्वी तीन साड्यांत अख्खा हंगाम निघायचा. आता प्रत्येकीच्या हातात फोन. सेनगावला नेसलेली साडी कळमनुरीला नेसली की व्हिडिओखाली कोणीतरी लगेच लिहितं, सासूबाई, पुन्हा हीच का, लेक पैसे देत नाही वाटतं. म्हणून नवी साडी, तिला फॉल-पिको, माझ्या मापाचा ब्लाऊज, परकर, बांगड्या, केसांचा टोप. शेतकऱ्याला जसं बी-बियाणं तसं मला हे. सगळा धंद्याचाच खर्च. आज हे मी ठासून लिहितो आहे, पण तेव्हा घरी मी सांगून ठेवलं होतं की कपडे कंपनीचे असतात.

त्याचं कारण माझे वडील. त्यांना आम्ही बा म्हणतो. आमचं गाव पुसेगावच्या बाजूला, थोडी जमीन आणि मेंढ्या-शेळ्या. बानं आयुष्यात नाटक पाहिलेलं नाही. माझं काम त्याला एकदाच कोणीतरी फोनवर दाखवलं. त्यानं ते शेवटपर्यंत पाहिलं, हसला नाही, फोन ज्याचा त्याला परत दिला. संध्याकाळी मेंढ्या कोंडून आल्यावर अंगणात हातपाय धुताना त्यानं मला विचारलं, "ते लुगडं तुहं हाय का त्यायचं?"

त्यांचं, मी म्हणालो. कंपनी देते, काम झालं की परत करायचं.

"मंग ठीक हाय," बा म्हणाला.

तेवढ्यावर तो उभा राहिला. पारावर कोणी माझ्यावरून चिडवलं की तो शांतपणे सांगायचा, काम हाय त्याचं, कपडे तर त्याचे न्हाईत. नोकरदार माणूस साहेबाची गाडी चालवतो, गाडी काही त्याची नसते, असा त्याचा हिशेब. मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं. साड्यांची पेटी मी हिंगोलीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर ठेवत होतो. बायको गावी माय-बाजवळ राहायची. तिनंही त्या पेटीत कधी डोकावून पाहिलं नव्हतं.

हे असंच चाललं असतं. बिघडलं ते माझ्या हावरटपणानं.

माझ्या कराचं काम मोंढ्याजवळचे, म्हणजे घाऊक धान्यबाजाराजवळचे, एक सीए बघतात. एका आडत दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस आहे, हळदीचा सीझन सुरू झाला की जिना चढतानाच शिंका येतात. त्यांनी मला सुरुवातीला सरळ वाट दाखवली होती. कलाकाराला सोय असते, निम्मी कमाई खर्चात गेली असं धरायचं, उरलेल्या निम्म्यावर कर भरायचा, कोणी काही विचारत नाही. पण मला मानधन देणाऱ्यांनी आधीच कर कापून घेतलेला असायचा आणि मला तो परत पाहिजे होता. ढोलकीवाला, पेटीवाला, गाडी, लॉज, साड्या धरून माझा खर्च निम्म्याच्या वर जातो, हेही खोटं नव्हतं. मी हट्टच धरला. ते म्हणाले, मग खरा खर्च दाखवू, पण त्याला ऑडिट लागेल, आणि ऑडिटला कच्च्या चिठ्ठ्या चालत नाहीत. पक्कं बिल घेत जा, नावाचं.

हे 'नावाचं' अंगाशी आलं. पुढच्या खेपेला मी दुकानात पक्कं बिल मागितलं. दुकानदार कॉम्प्युटरपाशी बसला आणि त्यानं सवयीनं विचारलं, कोणाच्या नावानं? दुकानात बायकाच बायका. तिथं माझ्या नावानं साडीचं बिल फाडा म्हणायला मला तोंड झालं नाही. एरवी मी हजार बायकांसमोर पदर खोचून भांडतो. माझ्या स्वतःच्या नावाची मात्र मला लाज वाटली. घरच्यांच्या नावानं करा, मी म्हणालो. त्याला आता नाव सांगणं भाग होतं. ज्या बायकोचं नाव मी उखाण्याखेरीज चारचौघांत घेतलं नव्हतं, ते मी त्या दिवशी आडनावासकट घेतलं. एका बिलासाठी.

एकदा नाव कॉम्प्युटरात गेल्यावर पुढे विचारायचीही गरज उरली नाही. मी गेलो की बिल आपोआप तिच्या नावानं निघायचं. वर्षाच्या शेवटी सगळी बिलं मी पिशवीत भरून सीएंच्या ऑफिसात नेऊन टाकायचो. तिथं ती 'वेशभूषा' या सदरात जायची. नाव बघायला कोणाला वेळ होता?

दुकानदाराला मात्र माझं कौतुक होतं. तो येणाऱ्या-जाणाऱ्या नवऱ्यांना माझं उदाहरण द्यायचा. तो सासू करणारा बघा, बायकोला कसा ठेवतो, महिन्या-दीड महिन्याला साडी असते. हे कौतुक फिरत फिरत कुरुंद्याला पोचलं. कुरुंदा म्हणजे बायकोचं माहेर. तिथं भाच्याच्या जावळाला ती गेली ती तिच्या नेहमीच्या हिरव्या साडीत. पंगतीत सगळ्यांच्या देखत तिची भावजय म्हणाली, आमच्याकडं येताना वन्सं मुद्दाम जुनं नेसून येतात, ठेवणीतल्याला आमची नजर लागल म्हणून. बायकोला काय बोलणं आहे तेच कळेना. मग तिला सगळ्यांनी मिळून समजावून सांगितलं की तिच्याकडे किती साड्या आहेत.

तिथून ती थेट हिंगोलीला, माझ्या खोलीवर आली आणि मला विचारलं. मी काही लपवलं नाही. दुकान, बिल, नाव, बाचं ते बोलणं, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं, पण तिला माझी अडचण पटली. तिनं एवढंच विचारलं की मग मी लोकांना काय सांगू. मी म्हणालो, लोकांचं काय मनावर घेतेस, बोलू दे. ज्याच्याबद्दल बोललं जात नाही त्याला हे वाक्य फार सहज सुचतं.

त्यानंतर पुसेगावच्या बाजारात ती बातमी मायच्या कानावर गेली. मी कार्यक्रमावरून गावी आलो होतो, दुपारचा जेवायला बसलो होतो. बायको वाढत होती. बा समोर ओट्यावर बसून बकरीच्या पायातला काटा काढत होता. माय काही आडून बोलणारी नव्हे. ती म्हणाली, "पोरगं तिकडं रातंदिस सोंग करून मरून राहिलं, अन् हिच्या साड्याच पुऱ्या व्हईनात."

बायकोचा हात भाकरी वाढताना थांबला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मला फक्त चार शब्द बोलायचे होते, आणि शब्द बोलण्याचेच तर मला पैसे मिळतात. पण समोर बा होता. मी ते चार शब्द बोललो असतो तर पारावर तो ज्यावर उभा राहायचा तेच त्याच्या पायाखालून गेलं असतं, अशी माझी समजूत मी करून घेतली. खरं म्हणजे बाची काळजी हा बहाणा होता. मला माझीच लाज झाकायची होती. मी वरण मागून घेतलं आणि जेवलो. त्या वरणाची मला आजही शरम वाटते.

मग नोटीस आली. आधी फोनवर मेसेज आला, तो मी कोणीतरी भामट्यानं पाठवला असेल म्हणून पुसून टाकला. नंतर सीएंचा फोन आला की ताबडतोब या.

मी पोचलो तेव्हा ऑफिसात हळदीचे दोन व्यापारी बसलेले होते. सीएंनी चष्मा वर करून स्क्रीनवर माझ्या बायकोचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं आणि ही बाई कोण असं विचारलं. घरच्या, मी म्हणालो. त्यांनी डोक्याला हात लावला. मग त्यांनी समजावून सांगितलं की तपासणी लागली आहे. आता ही तपासणी बिनचेहऱ्याची असते, अधिकारी देशात कुठेही बसलेला असतो, तो कोण ते आपल्याला कळत नाही. त्या न दिसणाऱ्या अधिकाऱ्यानं इंग्रजीत लिहिलं होतं की साड्यांची बिलं करदात्याच्या पत्नीच्या नावे आहेत, म्हणजे हा खर्च व्यवसायाचा दिसत नाही, खाजगी दिसतो. सीएंनी त्याचं मराठी केलं. "घरगुती खर्च म्हणतात ते. घरच्यांसाठी केलेला."

माझाच शब्द कुठून कुठून फिरून माझ्यापुढे आला होता. दोघा व्यापाऱ्यांपैकी एक जण गालात हसत होता.

वाटा दोन होत्या. एक म्हणजे मान्य करायचं की हो, बायकोच्या साड्या धंद्यात घातल्या, वरचा कर भरायचा आणि खोटा खर्च दाखवल्याचा दंडही भरायचा. दुसरी म्हणजे साड्या माझ्या आहेत, मी त्या नेसतो, हे सिद्ध करायचं. त्याला माझ्या कार्यक्रमांचे फोटो लागतील, बायकोचं प्रतिज्ञापत्र लागेल, आणि नुसतं लिहून पटणार नाही म्हणून व्हिडिओवरची सुनावणी मागावी लागेल. मी विचारलं, भरून टाकलं तर गुपचूप मिटेल का. मिटेल, ते म्हणाले, पण मग तुम्ही सहीनिशी खोटे ठरलात. मला त्याचं फार वाटलं नाही. खरं सांगायचं तर जिना उतरताना मी भरून टाकायचंच ठरवलं होतं. पैसे जातील, पण कोणाला काही सांगावं लागणार नाही.

गावी गेलो आणि रात्री जेवणं झाल्यावर बायकोला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. भरून टाकतो म्हणालो. तिची बाजू सांभाळतोय अशा थाटात म्हणालो, तुला कोर्टकचेरीची तकलीफ कशाला.

ती भांडी घासत होती. हात तसेच राखेत ठेवून ती म्हणाली, "म्हंजे आता सरकारात बी त्या साड्या मीच नेसले का?"

भावजयीनं म्हटलं, मायनं म्हटलं, बाजारानं म्हटलं, तोवर ते बोलणं होतं. आता माझ्या सहीनं ते कायमचं होणार होतं. इतका वेळ मी कर, दंड आणि माझी अब्रू एवढ्याचीच बेरीज करत होतो. तिचं नाव त्या बिलांवर आहे हे मला ठाऊक होतं, पण ते तिचं नाव आहे हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. सकाळच्या एसटीनं ती माझ्याबरोबर हिंगोलीला आली. घरी बँकेचं काम आहे असं सांगितलं.

प्रतिज्ञापत्र करून देणारे कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं बसतात. आम्ही ज्याच्याकडे गेलो तो माणूस टाइप करता करता मोठ्यानं वाचायचा, त्याची सवयच तशी. आजूबाजूला सातबाराची, वारसाची, जातीच्या दाखल्याची कामं घेऊन आलेली माणसं उभी. तो बोलत गेला, मी प्रतिज्ञेवर कथन करते की, सोबतच्या बिलांतील साड्या माझ्या नावे खरेदी केलेल्या असल्या तरी सदर साड्या मी कधीही नेसलेल्या नसून त्या… इथं तो थांबला. त्यानं बायकोकडे पाहिलं आणि विचारलं, त्या कोणाच्या?

बायकोला उत्तर येत नव्हतं असं नाही. ती माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि मला कळलं की हे ती बोलणार नाही.

"माझ्या," मी म्हणालो.

त्याला वाटलं माझं दुकान आहे. मी पुन्हा सांगितलं की दुकान नाही, मी नेसतो, कामाला. आता त्यानं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "आरं, सासूबाई व्हय तुमी!" त्यानं पलीकडच्या दोघांना हाका मारल्या. एकानं फोन काढला. स्टेजवर मला रंग असतो, टोप असतो, पुढे अंधार असतो. तिथं मी शर्ट-पँटमध्ये, भर दिवसा, बायकोशेजारी उभा होतो, आणि साड्या कोणाच्या याचं उत्तर आता शेडमध्ये सगळ्यांना माहीत झालं होतं. बायकोनं मात्र पदर सावरून नीट सही केली. तिला सही करायला आवडतं, एकेक अक्षर ती वेगळं काढते.

सुनावणीच्या दिवशी बायकोही गावाहून आली, आणि साड्यांची पेटी ऑटोत घालून आम्ही मोंढ्यात नेली. ती वर चढवताना खालच्या हमालानं विचारलं, यात काय, आणि मी सामान म्हणालो. एवढं सगळं होऊनही सामानच म्हणालो. सीएंनी टेबलावर लॅपटॉप लावला. पलीकडच्या माणसाचा चेहरा दिसत नव्हता, फक्त आवाज होता. हिंदी बोलत होता, थकल्यासारखा, पण अजिबात उर्मट नव्हता. माझा चेहरा मात्र त्याला पूर्ण दिसत होता. कॅमेऱ्यासमोर बसायची मला सवय आहे, पण प्रेक्षक हसतो की नाही हे कळलं नाही तर मी घाबरतो.

तो बिल वाचायचा आणि ती साडी दाखवा म्हणायचा. मी ती नेसून केलेल्या कार्यक्रमाचा फोटो दाखवायचो. बायको पेटीपाशी खाली बसून एकेक साडी काढून माझ्या हातात द्यायची. मोरपंखी, डाळिंबी, लिंबू रंगाची काठापदराची, एक खोटी पैठणी. तिनं त्या साड्या पहिल्यांदाच पाहिल्या. देण्याआधी ती प्रत्येकीच्या काठावरून अंगठा फिरवायची. परत आली की घडी घालायची, मी घालतो त्याच्यापेक्षा किती तरी नीट. आवाजानं विचारलं की या पत्नीनं वापरल्या नाहीत कशावरून, तेव्हा सीएंनी मला खूण केली आणि मी ब्लाऊज वर धरला. त्या एका ब्लाऊजमध्ये ती दोनदा मावली असती. पलीकडून पहिल्यांदा हसल्यासारखा आवाज आला. मला जरा धीर आला, मी दुसराही दाखवला.

मग त्यानं विचारलं की खाली बसलेल्या बाई कोण आहेत. सीएंनी सांगितलं, पत्नी. त्यांना समोर येऊ द्या, तो म्हणाला. ती उठून माझ्या शेजारी उभी राहिली. त्याला तपासायचंच होतं, त्याचा दोष नाही. त्यानं तिला विचारलं की आज तुम्ही जी साडी नेसून आलात ती या बिलांपैकी कुठली आहे.

"कौनसी बी न्हाई साहेब," ती म्हणाली. "ये मेरे माहेर की है."

माहेर म्हणजे मायका, सीएंनी खुलासा केला. मग त्यानं विचारलं की या सगळ्या बिलांमध्ये तुमच्यासाठी घेतलेली एक तरी साडी आहे का. ती नाही म्हणाली. ठीक है, तो म्हणाला, और कुछ नहीं पूछना है. सीएंनी टेबलाखालून माझा गुडघा दाबला. आमची बाजू पक्की झाली होती. माझ्या बायकोला मी कधी साडी घेतली नाही, या मुद्द्यावर माझा खर्च मंजूर होत होता.

एसटी स्टँडवर बसलो असताना मी तिला उसाचा रस पाजला. तिनं ग्लास संपवला आणि समोर बघत म्हणाली, "साहेबाला सांगितलं. आता घरी सांगताल का?"

आधी आदेश हातात येऊ दे, मी म्हणालो. आदेश आला. सीएंचा फोन आला, खर्च मान्य, दंड नाही. परतावाही जमा झाला. मला आनंद झाला, आणि झालेल्या आनंदाची लगेच लाज वाटली. पण कार्यक्रमांचे दिवस होते, मी दोनदा गावी जाऊन न बोलता परत आलो. तिनं पुन्हा विचारलं नाही. दोन्ही वेळा तिनं मला एसटीपर्यंत येऊन डबा दिला.

तिसऱ्या खेपेला मी पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोललो. संध्याकाळ होती. माय सुपात तूर निवडत होती, बा कोकराला बाटलीनं दूध पाजत होता, बायको दाराशी उभी होती. मी म्हणालो की ते कपडे कंपनीचे नसतात. माझेच असतात. त्या साड्या मी विकत घेतो आणि मीच नेसतो, बिल हिच्या नावानं करत होतो. हिनं त्यातली एकही नेसलेली नाही.

बानं कोकराच्या तोंडातली बाटली काढली नाही. दूध संपल्यावर म्हणाला, "म्हंजे गावाला मी लबाड बोललो." त्यात राग नव्हता. त्यानं घोंगडी उचलली आणि मेंढ्यांकडे गेला. मी बाच्या पाठीकडे बघत राहिलो. एवढी वर्षं मी त्याला सांभाळतोय असं मला वाटत होतं.

मायचे हात सुपात थांबले होते. ती बायकोकडे बघत होती, तिच्या अंगावरच्या हिरव्या साडीकडे, विटलेल्या काठाकडे, जणू आत्ताच दिसल्यासारखी. मग तिनं माझ्याकडे मान वळवली.

"मंग हिला काय घेतलं रं तू?"

मी तोंड उघडलं. त्याआधी दारातून बायको बोलली. "घेतात की, आत्याबाई. दिवाळीला घेतली व्हती चांगली. माहेरी ठिवलीय."

अशी कुठलीही साडी नव्हती. सरकारनं एकेका साडीचा पुरावा मागितला होता, मायनं बिल मागितलं नाही. बरं झालं बाई, म्हणाली आणि पुन्हा तूर निवडायला लागली. मला तिथं म्हणता आलं असतं, नाही, मी हिला काही घेतलेलं नाही. बा निघून गेला होता, आता कोणाला सांभाळायचं म्हणून थांबायचंही कारण नव्हतं. मी खाली बघून पायातल्या चपला काढल्या, आणि बायको चहा ठेवायला आत गेली.